तू हललीस

माझ्या उरल्यासुरल्या दातांची शपथ घेऊन सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. आमच्या घरात मला थापाडी म्हणतात. म्हणू देत. मी जन्मात थाप मारलेली नाही. कधी कधी खरं जरा अंगाला घट्ट बसतं, तेव्हा मी ते उसवून सैल करते, एवढंच. पण ही गोष्ट मी एका टाक्यानंही सैल केलेली नाही. खोटी निघाली तर हे दात मला सोडून जावोत. तसेही ते निघालेलेच आहेत म्हणा.

तर.

"हललीस!" माझा भाऊ ओरडला.

"नाही हलले," भाची म्हणाली.

"हललीस. हे बघ. तोंड म्हणजे नुसतं कालवलेलं पीठ."

"बाबा, मी श्वाससुद्धा घेतला नाही."

"मग सोडताना हलली असशील."

मी दारात उभी. हातात पिशवी, जिना चढून जीव मेटाकुटीला आलेला, आणि या दोघांपैकी एकालाही माझ्याकडे बघायची फुरसत नाही. "मी आत येऊ, का हलले म्हणून मलाही हाकलणार?" मी म्हटलं, तेव्हा कुठं भाची उठली आणि माझ्या गळ्यात पडली. भाऊ खिडकीपाशी कॅमेरा उलटासुलटा करत उभा होता. लहान मुलानं खेळणं मोडलं की जसा चेहरा होतो, अगदी तसा चेहरा.

हा माझा धाकटा भाऊ. उभी हयात एका इस्पितळात एक्स-रे काढण्यात गेली. तळघरात खोली, दारावर लाल दिवा, अंगावर शिशाचा जड एप्रन. पेशंटला फळीला चिकटवून उभं करायचं, हनुवटी वर, खांदे पुढे, आणि स्वतः काचेमागे जाऊन आवाज द्यायचा, "श्वास घ्या... रोखा... सोडा!" त्याचं ते 'रोखा' असं दणदणीत की वरच्या मजल्यावरच्या बाळंतिणीसुद्धा श्वास रोखून धरायच्या. एकदा बाहेरच्या बाकावर एक माणूस बसला होता. त्याला 'रोखा' ऐकू आलं, आणि 'सोडा' म्हणायच्या आत कुणीतरी दार लावून घेतलं. बिचारा निळा पडला. मी स्वतः पाहिलाय तो माणूस. पुढं जन्मभर जरा निळसरच राहिला. तेव्हापासून इस्पितळात माझ्या भावाला सगळे श्वासराव म्हणायला लागले, आणि मीही तेच म्हणते.

एक्स-रेच्या धंद्यातली एक गोष्ट आधी सांगून ठेवते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्या धंद्यात फोटो पुसट आला तर चूक पेशंटची. मशीन भिंतीत पक्कं बसवलेलं, प्लेट जागच्या जागी, काढणारा काचेमागे. हलणार कोण? पेशंट. "हललात तुम्ही, परत काढावा लागेल." हे वाक्य श्वासरावानं इतक्या वेळा म्हटलं होतं की झोपेतही म्हणायचा. आणि दरवेळी ते बरोबरच असायचं. माणसाची हीच पंचाईत. जे वाक्य जन्मभर बरोबर ठरलं, ते एक दिवस चूक ठरेल हे त्याला सुचतच नाही.

आता भाची. लहानपणी ही पोर एका जागी दिसेल तर शपथ. दोन्ही हात पसरून घरभर गोल गोल फिरायची. पंखा बंद असला तरी भिंतीवरचं कॅलेंडर फडफडायचं. म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. मोठी होऊन ही दातांच्या कवळ्या करायला शिकली. मी म्हटलं, मला एक कर की गं. तर म्हणाली, "आत्या, तुला कवळी लावली तर तू दुप्पट बोलशील, मग लोक मला धरतील." अशी आहे. तर तिला समुद्रापलीकडे नोकरी लागली होती. तिथं म्हणे म्हातारे उदंड आहेत आणि दात कमी. कायमचीच जायची होती. मी आले होते तिची बांधाबांध करायला.

आणि ती जाणार म्हणून श्वासरावानं कॅमेरा घेतला होता. "ताई," मला म्हणाला, "सगळ्या गावाची हाडं टिपली मी. पण माझ्या घरातलं एक तोंड टिपलं नाही. हिची आई गेली तेव्हा भिंतीवर लावायला धड एक फोटो सापडला नाही. एक्स-रे मात्र होता. निदान हिचा तरी एक स्वच्छ फोटो हवा मला."

एक्स-रेची गोष्ट खरी आहे. माझी भावजय न्हाणीघरात पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. तिला त्याच तळघरात नेलं, आणि एक्स-रे यानंच काढला. बायकोलाही तस्संच म्हणाला, "श्वास घ्या... रोखा..." प्लेट उजेडाला धरली तेव्हा डॉक्टरच्या आधी यालाच दिसलं. बाहेर येऊन आम्हाला म्हणाला, "काही नाही, मुरगळलंय." आणि जिन्याखाली जाऊन बसला. त्यानंतर ती काठीवर आली. पुढची सगळी वर्षं तिला उठवणं, बसवणं, चालवणं यानं केलं. रस्त्यानं ती टक् टक् करत चालायची आणि हा तिच्या उजव्या बाजूनं, तिच्या पावलाला पाऊल लावून. मागून येणारी गोगलगाय यांना "जरा बाजू द्या" म्हणायची, असं मी तेव्हा म्हणत असे. भावजय हसायची. मागल्या साली गेली ती.

काठी मात्र राहिली. खिडकीजवळच्या खुर्चीमागं, हातभर अंतरावर भिंत, आणि त्या भिंतीत खिळ्याला टांगलेली.

जुना कॅमेरा एका दुकानातून घेतलेला आणि लेन्सही तिथलीच, पण वेगळी घेतलेली. लेन्स मोठी गुणाची होती. डोळा असा उघडायची की मिणमिणत्या खोलीतही फोटो निघावा. पण अशा लेन्सची एक खोड असते. तिला पावाच्या चकतीएवढाच पातळ काप स्पष्ट दिसतो. त्या कापाच्या पुढचं पुसट, मागचंही पुसट. त्या कापात तुमचं तोंड आलं तर तुमचं नशीब.

"दाखव बघू," मी म्हटलं आणि कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या काचेत डोकावले. खुर्चीत भिंगरी होती. म्हणजे असावी. दुधात बोटं फिरवल्यासारखा चेहरा, डोळ्यांच्या जागी दोन डाग. आणि तिच्या कानाजवळून दिसणारी मागची काठी? अहाहा! मुठीवर भावजयीच्या तळव्यानं घासून आलेली चकाकी, लाकडातली रेघन् रेघ, आणि काठीवरून वर चाललेली एक मुंगी. मुंगी इतकी स्पष्ट की दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात भेटली तेव्हा मी तिला ओळखलं.

"काठी झकास आलीये," मी म्हटलं.

"तेच तर!" श्वासराव म्हणाला. "काठी स्वच्छ आहे, म्हणजे कॅमेरा नीट आहे. माझा हात हलला असता तर काठीही पुसली असती. म्हणजे हलली कोण?"

भिंगरीनं माझ्याकडे पाहिलं आणि मोज्यांची घडी घालायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन दुकानात गेला. दुकान म्हणजे जिन्याखालचं एक बीळ. दुकानदार आत बसलेला, आणि त्याच्याभोवती कॅमेऱ्यांचे नुसते डोळे.

"काका, लेन्स एकदम कडक आहे. चारजण मागत होते, पण मी तुमच्यासाठी राखून ठेवली."

"तेव्हा तू मला ओळखत नव्हतास," श्वासराव म्हणाला.

"वाट बघत होतो ना!"

मला तो पोरगा आवडला. थाप मारावी तर अशी, डोळ्यांत बघून.

त्यानं लेन्स काढली, फुंकर मारली, शर्टाच्या टोकानं पुसली. उजेडाला धरून आत बुरशी आहे का पाहिलं. नव्हती. बाजूचं बटण पाहिलं. आपोआप नेम धरायचं असेल तर ते बटण एका बाजूला हवं, आणि तिथंच होतं. मग म्हणाला, "कॅमेऱ्यात काही नाही काका. हात हलतो तुमचा. वयाचं असतं ते."

श्वासरावानं आपला हात त्याच्या नाकासमोर धरला. दगडी हात. माझ्या भावाच्या हातावर भरलेली कपबशी ठेवून मी शेजारणीकडे जाऊन आलेय, थेंब सांडलेला नाही. "हा हलतो? आणि हलला तर ही काठी कशी आली? काठी बघ."

पोरानं काठी पाहिली. डोकं खाजवलं. "मग माणूस हललं असणार."

"बघ!" श्वासराव माझ्याकडे वळून म्हणाला. "मी काय म्हणत होतो?"

आणि असा हा, आपलीच चूक दुसऱ्याकडून पक्की करून, खुशीत घरी आला. घरी येताना मी दर वळणावर थांबत होते. त्याची चाल अजून भावजयीचीच. रस्त्यात उजवीकडे एका माणसाची जागा सोडून चालतो. समोरून कुणी त्या जागेत शिरलं तर थबकतो.

संध्याकाळच्या उजेडात पुन्हा बैठक मांडली. या वेळी त्यानं धंद्यातलं सगळं ज्ञान बाहेर काढलं. पेशंट हलू नये म्हणून एक्स-रेत वाळूच्या पिशव्या लावतात. घरात वाळू कुठली? यानं तांदळाच्या पिशव्या आणल्या. एक तिच्या या कोपरापाशी, एक त्या कोपरापाशी. मानेमागं टॉवेलची गुंडाळी. हनुवटी दोन बोटांनी धरून वर केली.

"बाबा, मी पेशंट आहे का?"

"बोलू नकोस. श्वास घे... रोख..."

मला हसू आवरेना. "अरे, फोटो काढतोयस का पोरगी पार्सल करतोयस?"

खटक्. "सोड!" त्यानं काचेत पाहिलं. आम्हीही पाहिलं. काठी, चकाकी, रेघा, सगळं जागच्या जागी. भिंगरी पुसलेली.

"हललीस," तो म्हणाला.

या वेळी तिनं वाद घातला नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. कोपरापाशी ठेवलेली तांदळाची पिशवी तिनं उचलली आणि हळूच खाली ठेवली.

"बाबा, ही खुर्ची कुठली आहे, आठवतंय?"

"कुठली म्हणजे?"

"आई पडली तेव्हा तुम्ही मला हिच्यात बसवलंत. आईच्या पलंगाशेजारी. म्हणालात, हलू नकोस हं, आईला आत्ताच झोप लागलीये. मी बसले. तुम्ही तिची औषधं आणायचात, तिचे पाय चोळायचात, तिला फिरवून आणायचात. मी बसलेलीच. शाळेतून आले की बसायचे. मैत्रिणी खाली हाका मारायच्या, मी खिडकीतून नको म्हणायचे. तोंडानं नाही, हातानं. आवाज झाला तर आई जागी होईल म्हणून." तिचा आवाज अगदी नेहमीचा होता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा. "सगळं गाव मला भिंगरी म्हणतं. पण मी हलले कधी बाबा? तुम्ही म्हणालात हलू नकोस, आणि मी हललेच नाही. आणि आता जाताना तुम्ही म्हणताय, तू हललीस."

श्वासराव कॅमेरा छातीशी धरून उभा.

"आणि खरं सांगू?" ती उठली. "फोटो चांगला आलाय. तुम्ही ज्याच्याकडे बघत होतात, तेच आलंय त्यात."

तिनं टॉवेलची घडी घालून खुर्चीच्या पाठीवर ठेवली आणि आतल्या खोलीत जाऊन बॅगेची चेन ओढली. ती चेन ओढल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

आता मी थापाडी असेन, पण मठ्ठ नाही. मी भाचीलाही ओळखते आणि भावालाही. भाऊ खुर्चीसमोर तसाच बसला होता, खुर्ची रिकामी. मी स्वयंपाकघरात गेले, पिठाचा मोठा डबा उचलून आणला आणि त्या खुर्चीत ठेवला. त्याला माझा स्वेटर घातला. झाकणावर माझा चष्मा ठेवला. बरा दिसत होता. माझ्या धाकट्या जावेसारखा.

"काढ याचा फोटो."

"ताई, आत्ता चेष्टा नको."

"काढ म्हणते ना! थोरली आहे मी तुझ्यापेक्षा."

त्यानं काढला. सवयीनं ओठ हलले, "श्वास घ्या..." आणि गप्प झाला. खटक्.

काचेत पाहिलं. डबा पुसट. चष्मा पुसट. मागं काठी, लाकडातल्या रेघांसकट.

"म्हण," मी म्हटलं. "म्हण आता, डबा हलला."

बाहेर अंधारून आलं, मी दिवा लावला, तरी तो त्या काचेत बघत होता. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, "डबा नाही हलला." आणि आतल्या बंद दाराकडे पाहिलं. मी म्हटलं, जा, सांग तिला. उठला. दारापर्यंत गेला. दारावर हात ठेवला. मग परत आला आणि म्हणाला, "आधी कारण कळू दे. नुसतं चुकलं म्हणून काय सांगू? स्वच्छ फोटो काढतो आणि मग सांगतो."

ही माणसं अशीच. माफी मागायची तर हातात पुरावा लागतो.

दुसऱ्याच दिवशी तिचं विमान. दुपारी गाडी येणार होती. सकाळी उठल्याबरोबर मी त्याला माझ्या चष्मेवाल्याच्या शेजारी नेलं. तिथं एक बाई कॅमेरे दुरुस्त करते. एका डोळ्याला कायम भिंग लावलेलं. झोपतानाही काढत नाही म्हणे, त्यामुळे तिला स्वप्नं मोठी मोठी दिसतात.

"काय होतंय?" तिनं मान वर न करता विचारलं.

"समोरचं पुसट येतं. मागचं स्वच्छ," श्वासराव म्हणाला.

"लेन्स नवी?"

"जुनीच. पण कॅमेऱ्याबरोबरची नाही. वेगळी घेतली."

"हं." तिनं टेबलावर एक पट्टी तिरपी ठेवली, आकड्यांची, आणि मधल्या आकड्यावर नेम धरून फोटो काढला. मग पाहिला. मधला आकडा पुसट, पलीकडचे आकडे ठसठशीत. "लेन्स चांगली आहे तुमची. खोट कॅमेऱ्याच्या मनात आहे."

"कॅमेऱ्याला मन?" मी म्हटलं. "बाई, माझ्याहून मोठी थाप मारू नकोस."

ती हसली. भिंग लावलेला डोळा हसला की तो केवढा मोठा होतो म्हणून सांगू! "आजी, तराजू एका बाजूला कलत असला तर दुसऱ्या बाजूला पासंग लावतात ना? तसं आहे हे. आधी ज्याचा हा कॅमेरा होता ना, त्याच्या लेन्सला खोड होती. नेम जरा अलीकडेच धरायची. मग त्यानं काय केलं, लेन्स टाकून दिली नाही. कॅमेऱ्यालाच शिकवून ठेवलं, की बाबा रे, दरवेळी जरा मागं बघत जा. दोघांचं मिळून बरोबर यायचं. फोटो छान निघत असणार त्याचे. आता ती लेन्स नाही. पण कॅमेऱ्याला कुणी सांगितलंच नाही. तो अजून मागंच बघतोय."

श्वासराव तिच्याकडे बघतच राहिला.

"बराच काळ एकत्र असणार दोघं," ती म्हणाली. "पासंग चांगला भक्कम लावलाय."

"काढता येतो?" त्यानं विचारलं.

"येतो की. आतल्या आत आकडा असतो, तो शून्य करायचा. कुणी उघडून बघत नाही, म्हणून राहून जातं." आणि तिचं बोट बटणावर गेलं. "करू ना?"

आता हे काही विचारायचं झालं? पण माझा भाऊ त्या बोटाकडेच बघत राहिला. दुकानात घड्याळं नव्हती, नाहीतर टिकटिक ऐकू आली असती. मी त्याला कोपरानं ढोसलं. "अरे, विचारतेय ती."

"करा," तो म्हणाला. आणि मग, पेशंटला म्हणायचा तसं, पण स्वतःशीच, "सोडा."

तिनं बटण दाबलं. तपासायला म्हणून माझाच फोटो काढला. मी काचेत पाहिलं आणि किंचाळले. एकूण एक सुरकुती! हनुवटीवरचा केससुद्धा. "अगं बाई, थोडा पासंग परत लाव," मी म्हटलं. "इतकं खरं नको." ती खो खो हसली. श्वासराव हसला नाही. त्यानं कॅमेरा गळ्यात अडकवला, असा जपून, जशी भावजयीची काठी तो तिच्या हातात द्यायचा.

"चल लवकर," मी म्हटलं. "गाडी येईल."

पण ही चाल! मी पुढं, तो मागं. उजवीकडे जागा सोडून, टक् टक् नसलेल्या टक् टकीला पाऊल लावून. "अरे पाय उचल," मी ओरडले. त्यानं मान डोलावली, चार पावलं भराभर टाकली, आणि पाचवं पुन्हा तिच्याच तालात पडलं. मी त्याचा हात धरून ओढला. चौक ओलांडताना तो थांबला, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि मग उजव्या बाजूच्या कुणाला तरी आधी पुढं होऊ दिलं. कुणी नव्हतं तिथं.

पोचलो तेव्हा गाडी दाराशी उभी. बॅगा आत गेल्या होत्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, कारण मागं दुसऱ्या गाड्या तुंबल्या होत्या. भिंगरी पायरीवर उभी. अंगात तिच्या आईनं विणलेला राखाडी स्वेटर.

"कुठं होतात? मला वाटलं, चुकामूक होते आता."

"हा गोगलगायीला बाजू देत होता," मी म्हटलं.

ती जरासं हसली. मला मिठी मारली, कानात म्हणाली, "आत्या, त्यांना जेवायला लाव हं वेळेवर." मग बापासमोर उभी राहिली. तो काहीतरी सांगायला तोंड उघडत होता. हॉर्न वाजला. त्यानं तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. पुन्हा हॉर्न.

"येते, बाबा," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

तेव्हा माझ्या भावानं कॅमेरा डोळ्याला लावला. फळी नाही, पिशव्या नाहीत, श्वास रोखा नाही. ती चालत होती, आणि तो कॅमेऱ्याच्या आडून म्हणाला, "भिंगरे! तू हलली नव्हतीस गं. माझंच चुकलं. तू कध्धीच हलली नव्हतीस."

आणि भिंगरी वळली. गाडीच्या दाराला हात लावून, अख्खी मागं वळली, लहानपणी गिरकी घ्यायची तशी. वेणी खांद्यावरून उडाली. सगळे दात दिसतील अशी हसली. खटक्.

आजवरचा सगळ्यात स्वच्छ फोटो तो. घरात लावलाय. भिंतीत नवा खिळा ठोकला त्यासाठी, काठीचा खिळा काठीलाच राहिला.

फोटो आहे, हे खरं. कुणीही येऊन बघावं. कॅमेरा खरा, पासंग खरा, पिठाचा डबा खरा, तो निळा माणूस खरा. मुंगीसुद्धा खरी.

फक्त ती वळली नाही.

एवढं एक मी घातलं. दरवेळी घालते. सांगत सांगत गाडीपाशी आले की माझ्यानं राहवत नाही, मी तिला वळवते. तो बोलला ते खरं, मी शेजारीच होते. पण हॉर्न चालू होता आणि त्याच्या आवाजात आता ते 'रोखा'वालं बळ राहिलं नव्हतं. तिला ऐकू गेलं की नाही, मला ठाऊक नाही. मी तिला फोनवर विचारलेलं नाही. ते सांगायचं त्याचं आहे. तो दर आठवड्याला फोन करतो, तिकडे थंडी किती, जेवलीस का, विचारतो आणि ठेवतो.

फोटोत तिची पाठ आहे. वेणीतला केसन् केस वेगळा दिसतो. स्वेटरच्या उजव्या खांद्याखाली एक टाका सुटलेला आहे. भावजयीच्या हातून सुटलेला, इतकी वर्षं कुणाच्या ध्यानात आला नव्हता.

परवा मी गेले तेव्हा तो त्या फोटोसमोर उभा होता. मला म्हणाला, "ताई, इकडं ये. बघ, चालत होती ती. तरी बघ. अजिबात हललेली नाही."